उर्वशीच्या हाताचा सॅक्सोफोन

दिग्रसमध्ये वरात निघाली किंवा भीमजयंतीची मिरवणूक बाजारात शिरली, की ढोल-झांजांच्या गदारोळातून एक जाडसर, भरल्या गळ्यातून आल्यासारखा सूर वर यायचा. घरात बसलेली माणसं न बघताच सांगायची, बाबाराव मनवर आले.

बाबारावांचा सॅक्सोफोन फ्रान्समध्ये बनलेला होता आणि त्यांच्या वयापेक्षाही जुना होता. तरुणपणी ते नागपूरला एका बँडमध्ये कामाला होते. तिथला म्हातारा ख्रिस्ती बँडमास्तर कुणाचं फारसं कौतुक करायचा नाही. पण स्वतःचे पुढचे दात पडले आणि फुंक धरेनाशी झाली, तेव्हा त्याने आपला सॅक्सोफोन बाबारावांच्या पुढ्यात ठेवला आणि हा आता तुझा, एवढंच म्हणाला. बाबाराव तो घेऊन दिग्रसला परतले, मथुराबाईंशी लग्न झालं, इथल्याच बँडमध्ये वाजवायला लागले. पितळेवरचा पिवळा मुलामा हात लागून लागून जागोजागी उडाला होता आणि आतलं तपकिरी अंग दिसायचं. भोंग्यावर फुलापानांची कोरीव नक्षी होती. बाबाराव तो मऊ फडक्याने पुसायचे, याहून जास्त काही करायचे नाहीत.

त्यांना दोन मुलं. थोरली उर्वशी, धाकटा रवी.

उर्वशी शाळेत असताना रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि तिला सिकलसेल असल्याचं कळलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आईबापाच्या रक्तात तो अर्धा-अर्धा असतो, त्यांना काही त्रास होत नाही, पण पोरीत तो पुरा उतरलाय. थंडी सोसायची नाही, पाणी भरपूर प्यायचं, दमायचं नाही. मथुराबाई तिला उन्हाळ्यातसुद्धा पहाटे पांघरूण घालायच्या. तरी कधी कधी हातापायांची हाडं अशी ठणकायची की पोरगी उशी तोंडात धरून पडून राहायची.

ती बारा वर्षांची असताना एका दुपारी बाबाराव बाहेरून आले, तर घरातून सॅक्सोफोनचा आवाज येत होता. सूर फुटका होता, पण ते रोज सकाळी वाजवायचे तीच ओळ होती ती. ते दारातच थांबले. पोरगी ओरडा बसेल म्हणून घाबरली. ते तिच्यावर ओरडले नाहीत. जवळ बसून ओठ कसे धरायचे ते दाखवलं.

अडचण तिच्या हाताची होती. अगदी वरच्या सुरांच्या तीन चाव्या डाव्या तळहाताखाली येतात, त्या तळव्याने दाबायच्या असतात. उर्वशीचा हात लहान, तळवा तिथवर पोचायचाच नाही. मग बापलेकीने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापले, एकावर एक चिकटवले आणि त्या तिन्ही चाव्यांवर बसवून चाव्या उंच केल्या. कमी-जास्त करत, पुन्हा कापत, सबंध रविवार गेला. तो रविवार मथुराबाईंना चांगला आठवायचा, कारण दोघांनी जेवायला फार वाट पाहायला लावली होती.

सतराव्या वर्षी उर्वशी जयंतीच्या मिरवणुकीत बँडबरोबर चालली. पांढरा ड्रेस, डोक्याला निळा फेटा. बँडमधल्या एक-दोघांनी आधी नाकं मुरडली होती. पण बायका कडेवर पोरं घेऊन उंबऱ्याबाहेर आल्या, म्हाताऱ्यांनी तिच्या अंगावर फुलं टाकली, आणि पुढच्या वर्षी दारव्हा, आर्णी, पुसदहून बोलावणी आली, ती पोरगी वाजवणार असेल तरच या, अशी.

दुखणं मात्र सुटलं नाही. एकदा ते फार वाढलं तेव्हा बाबारावांनी सॅक्सोफोन कपाटात कोंडून किल्ली खिशात टाकली. यवतमाळच्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं, वाजवू द्यायचं की नाही. डॉक्टर म्हणाले होते, तिचा दम पाहून ठरवा. ते ठरवणं काही बाबारावांना जमेना. दोन दिवसांनी उर्वशी त्यांच्याजवळ येऊन बसली.

“बाबा, वाजवलं तरी दुखते अन् नाई वाजवलं तरी दुखते,” ती म्हणाली. “मंग वाजवू द्या ना.”

त्यांनी किल्ली काढून दिली.

एकविसाव्या वर्षी, थंडी कडाक्याची पडली होती त्या दिवसांत, तिला छातीत दुखायला लागलं, ताप चढला, श्वास पुरेना. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी धावपळ केली, रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला. तिसऱ्या दिवशी ती गेली. रवी तेव्हा अमरावतीला वसतिगृहात होता. शिकून तो पुढे पुण्याजवळच्या एका कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. सणावारी यायचा.

लोकांना वाटलं होतं बाबाराव आता वाजवणार नाहीत. पण महिना-दोन महिन्यांनी ते पुन्हा बँडमध्ये दिसले. ट्यूबचे तुकडे त्यांनी काढले नाहीत. त्यांचा हात मोठा, पंजा रुंद. उंचावलेल्या चाव्या नको तिथे दाबल्या जायच्या आणि मध्येच किंचाळी निघायची. म्हणून ते डावा तळवा जरा वर उचलून धरायला शिकले. मनगट दुखायचं. वर्षं गेली तशी ती सवयच झाली. रबराला तळव्याच्या आकाराचे खळगे पडले होते. ते त्यांच्या तळव्याचे नव्हते.

दोन वर्षांपूर्वी दिग्रसला एका लग्नात धम्मदीप नावाचा माणूस आला होता. मूळचा यवतमाळचा, राहायला मुंबईत, सॅक्सोफोन वाजवणं हाच धंदा. वरातीत बाबारावांचा सूर ऐकला आणि तो जेवणाचं ताट तसंच ठेवून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी जयभीम घालत घरी पोचला आणि वाद्य पाहू का म्हणून विचारलं.

त्याने सॅक्सोफोन खिडकीच्या उजेडात धरला. मागच्या बाजूचा नंबर पाहिला, मग वरच्या वाकड्या नळीवरचा, ज्याला वाजवणारे मान म्हणतात, तिचाही पाहिला. नक्षीवरून बोट फिरवलं. मग मथुराबाईंनी ठेवलेला चहा निवेपर्यंत तो बोलत राहिला. त्याचं म्हणणं असं होतं, की फ्रान्समधल्या त्या कारखान्यात त्या काळी कारागीर हाताने एकेक वाद्य घडवत. नंतरही सॅक्सोफोन पुष्कळ झाले, चाव्यांनी हलके, दिसायला देखणे. पण त्या वर्षांतल्या वाद्यांचा भरीव, आतून काळोखा आवाज कुणाला पुन्हा नीट साधला नाही. पितळेमुळे, नळीच्या निमुळतेपणामुळे की आणखी कशामुळे, यावर वाजवणारे अजून भांडतात. जगभरातले संग्राहक ते शोधत फिरतात. पण त्यातही ते काय पाहतात, तर मुलामा पहिलाच आहे ना, मानेवरचा नंबर अंगावरच्या नंबराशी जुळतो ना, नक्षीच्या कडा बोटाला लागतात ना. मुलामा उडालेला असला तरी चालतो. हाताने उडाला तर ते वय झालं. मशीनवर घासून नवा चढवला, की पितळेचा थर जातो, भोकांच्या कडा झिजतात, आणि ते वाद्य राहत नाही.

“काका, याले कधी पॉलिशले देऊ नका,” तो म्हणाला. “जसा हाये तसाच राहू द्या.”

मग त्याचं लक्ष त्या रबराकडे गेलं. त्याने हे काय म्हणून विचारलं. बाबारावांनी सांगितलं. थोडक्यातच सांगितलं, पण धम्मदीपने त्यानंतर वाद्य विकत मागायचा विचार सोडून दिला. जाताना त्याने वाकून दोघांच्या पाया पडून घेतलं. पुढे तो फोन करायचा, विदर्भात आला की डोकावायचा.

मथुराबाईंनी फोनवर रवीला हे कौतुकाने सांगितलं, पण त्यांना समजलं तेवढंच. मुंबईचा मोठा वाजवणारा आला होता, आपला सॅक्सोफोन लाखात एक आहे म्हणाला. पॉलिशचं काही त्यांच्या बोलण्यात आलं नाही. त्या वेळी त्या स्वयंपाकघरात होत्या.

यंदा बाबारावांच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू पिकला. यवतमाळला ऑपरेशन ठरलं तेव्हा रवी रजा काढून आला. डॉक्टरांनी काही आठवडे काहीही फुंकायला मनाई केली. डोळ्यावर ताण येतो. बाबाराव काळा चष्मा लावून खाटेवर पडून राहायचे आणि जयंतीपर्यंत तरी वाजवता येईल ना, एवढंच विचारायचे.

रवी त्यांच्याजवळ बसायचा, डोळ्यांत औषध घालायचा. बापाशी बोलायचं काय हे त्याला नीटसं कधी सुचायचं नाही. लहानपणी घरात बोलणं असायचं ते उर्वशीचं दुखणं आणि उर्वशीचं वाजवणं. त्याचा राग त्याने कधी केला नाही, पण आपण बापासाठी काही केलं असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. सॅक्सोफोनकडे पाहताना ते त्याच्या मनात आलं. एवढं मोलाचं वाद्य, आणि अंगावर डाग, चाव्यांवर ट्यूबचे तुकडे. बाबांचे डोळे नीट होऊन ते पाहतील, तेव्हा ते नव्यासारखं दिसायला हवं.

त्याने आईला सांगितलं. मथुराबाईंनाही ते आवडलं. त्यांनीच कपाटातून पेटी काढून दिली. नागपूरला एका दुकानात वाद्यं दुरुस्त करून मिळायची. रवीने दुकानदाराला सांगितलं, सगळं नव्यासारखं करा, काही कमी ठेवू नका.

जयंतीच्या आदल्या दिवशी तो वाद्य घेऊन आला. बाबारावांचा काळा चष्मा निघाला होता, डॉक्टरांनी वाजवायची परवानगी दिली होती. सकाळपासून ते कपाट उघडायला उठत होते आणि मथुराबाई काहीतरी कारण काढून बसवत होत्या. रवीने पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवून उघडली.

सॅक्सोफोन आरशासारखा झळाळत होता. बाबारावांनी तो उचलला. उजवा हात खाली गेला, डावा वर. डावा तळवा सवयीने उंच धरला होता. त्याखाली काही लागलं नाही. त्यांनी तळवा खाली टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग नक्षीवरून अंगठा फिरवला. तिथे आता फुलं दिसत होती, हाताला लागत नव्हती.

“कसा झाला, बाबा?” रवीने विचारलं.

“चांगला झाला,” ते म्हणाले. “लय चमकून राह्यला.”

मथुराबाई दाराशी उभ्या होत्या. नवऱ्याचा डावा हात त्यांना दिसला आणि त्या एकदम आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरवणुकीत बाबाराव वाजवायला उभे राहिले. लोकांनी वाद्याची चमक पाहून वा वा केली, पोरांनी मोबाइल काढले. पहिली ओळ निघाली, आणि बरोबरच्या ढोलवाल्याने वळून पाहिलं. आवाज पातळ होता, पत्र्यावरून आल्यासारखा. वरच्या सुरांना बाबारावांचा उचललेला तळवा चावीपर्यंत पोचेना. सूर मध्येच तुटायचा, ते पुन्हा धरायचे. बसस्टँडच्या चौकात त्यांनी तोंडातून वाद्य काढलं आणि बाकीची मिरवणूक ते बँडबरोबर नुसते चालत राहिले. कुणी विचारलं तर म्हणाले, डोळे दुखून राह्यले.

धम्मदीप जयंतीला यवतमाळला आला होता. दोन दिवसांनी तो दिग्रसला आला. बाबाराव घरी नव्हते. रवीने आनंदाने पेटी आणून उघडली. धम्मदीपने वाद्य हातात घेतलं आणि खिडकीशी नेलं. वरच्या मानेवर नंबर शोधला. तिच्यावर नंबरच नव्हता. मान नवी होती.

त्याने रवीला शक्य तितक्या हळू सांगितलं. मुलामा घासून काढलाय, त्याबरोबर पितळही गेलंय. जुनी मान दुकानदाराने बदलली आहे, आणि अर्धा आवाज त्या मानेत होता. आता हा सॅक्सोफोन वाजेल, पण तो सॅक्सोफोन हा नाही.

हे भरून काढता येईल असं काही आहे का, असं रवीने विचारलं. धम्मदीप नाही म्हणाला.

“त्याचं जाऊ दे, दादा,” तो म्हणाला. “पण त्या चाव्यांवरचं रबर कुठं हाये?”

रवीला प्रश्न कळला नाही. तेव्हा मथुराबाई आतून बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर बसून त्यांनी त्याला त्या रविवारची गोष्ट सांगितली. तेव्हा तो लहान होता, आणि त्यांनी ती त्याला याआधी कधीच सांगितली नव्हती. शेवटी म्हणाल्या, “मीच तं देल्ला काढून. मले दिसत व्हतं, तरी ध्यानात नाई आलं.”

त्याच दिवशी रवी नागपूरला गेला. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याच्या मते त्याने काम चोख केलं होतं. जुन्या मानेला सांध्यावर कथलाचे डाग दिलेले होते, हवा निसटत होती, म्हणून नवी बसवली. जुनी भंगारात गेली आणि भंगारवाला येऊन गेला. रबराचं त्याला आठवतसुद्धा नव्हतं. ते झाडून टाकलं असेल. रवीने भंगाराचं गोदाम शोधून काढलं. तिथे पितळेचा ढीग वितळायला पुढे गेला होता. तरी तो दुकानाच्या मागच्या कचऱ्यात हात घालून शोधत राहिला. दुकानातल्या लोकांनी शेवटी त्याला पाणी दिलं आणि बाकावर बसवलं.

तो घरी आला तेव्हा बाबाराव अंगणात बसले होते. समोर सॅक्सोफोन, सायकलची ट्यूब आणि कात्री. त्यांनी तुकडे कापले होते, चावीवर ठेवून पाहत होते. एक ठेवला, काढला. दुसरा जाड वाटला, तो बारीक केला. मग त्यांनी मथुराबाईंना हाक मारली.

“मथुरा, तिचा हात केवढा व्हता?”

मथुराबाईंनी आपला पंजा पुढे केला आणि बोटांच्या दुसऱ्या पेरावर खूण दाखवली. बाबाराव म्हणाले एवढा लहान नव्हता. त्या म्हणाल्या, एवढाच होता, मी रोज तेल लावायची. ते म्हणाले, शेवटी शेवटी सुजायचा, तेव्हा मोठा दिसायचा. मथुराबाईंनी पुन्हा आपल्या हाताकडे पाहिलं आणि या वेळी जरा वर खूण दाखवली. मग हात मागे घेतला. दोघांनाही खात्री देता येईना. बाबारावांनी कात्री खाली ठेवली.

रवी पुढे येऊन त्यांच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला. मले माहीत नव्हतं बाबा, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बाबारावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी त्याच्या डोक्यावर कित्येक वर्षांत ठेवला नव्हता.

“तू चांगल्या मनानं केलं,” ते म्हणाले. “मीबी चांगल्याच मनानं तिच्या हाती देल्ला व्हता. डॉक्टर म्हणे, दम पाहून ठरवा. म्या दम पाह्यलाच नाई, सूर पाहत राह्यलो.”

मथुराबाई म्हणाल्या, असं बोलू नका. त्यांच्या तोंडून हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांना वाटत होतं की या माणसाने दुःख पचवलं, म्हणून तो वाजवू शकतो. तिघं तसेच बसून राहिले. शेजारणीने कुंपणावरून डोकावून पाहिलं आणि परत गेली.

रवीने रजा वाढवून घेतली, मग तीही संपली. निघताना त्याने बापाला पुण्याला चला म्हटलं. बाबाराव येतो म्हणाले नाहीत, नाही येत असंही म्हणाले नाहीत. धम्मदीपने मुंबईहून दुसरी जुनी मान शोधून पाठवली. ती नीट बसली. वाजवलं असतं तर आवाज जरा सुधारला असता. बाबारावांनी फोनवर त्याचे आभार मानले. वाजवून पाहिलं का, असं त्याने विचारलं, तेव्हा म्हणाले की आता दात हलून राह्यले.

दात चांगले होते. पण ते पुन्हा वाजवायला बसले नाहीत. पावसाळ्यानंतर बँडमध्ये आर्णीचा एक क्लॅरिनेटवाला घेतला. सॅक्सोफोन बाबारावांनी धम्मदीपला देऊन टाकला. त्याने पैशाचं काढलं, तर म्हणाले, मास्तरनं मले विकला नव्हता.

रवी आता दर रविवारी फोन करतो. आई जेवणाचं सांगते, बाबा डोळ्यांचं सांगतात, औषध संपलं का हे तो विचारतो. त्यापुढे तिघांपैकी कुणी बोलत नाही, तरी फोन लगेच ठेवतही नाही. लग्नसराईत वरात घरावरून जाते तेव्हा बाबाराव उठून दार लावून घेतात. मथुराबाई स्वयंपाकघरात असल्या तर हातातलं काम थांबवतात आणि आवाज लांब जाईपर्यंत तशाच उभ्या राहतात.